पेंड किती घातली की केव्हा घातली?

आमच्या नात्यात अजून गोठे आहेत. फोनवर खुशाली झाली की बोलणं दुधाच्या भावावर येतं आणि मग ठरलेला प्रश्न, "पेंड किती वाढवू?" मी आयुष्यभर मराठी शिकवलं, पशुवैद्य नाही. पण या विषयावर जमेल तेवढं वाचत आलोय, आणि माझं मत असं की हा प्रश्नच अर्धवट आहे. 'किती' सगळे विचारतात, 'केव्हा' आणि 'कशाबरोबर' कुणी विचारत नाही.

गाय चारा खाते, पण आधी जेवतात ते तिच्या कोटीपोटातले अब्जावधी सूक्ष्मजीव. ते चाऱ्यावर वाढतात, पुढे स्वतःच पचतात आणि गाईला प्रथिने मिळतात. फिनलंडचे आर्तुरी विर्तानेन (१९४५ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांचे) यांनी १९६० च्या दशकात गाईंना प्रथिनांऐवजी युरिया आणि अमोनियाचे क्षार असलेलं खाद्य दिलं, तरी त्या गाई दूध देत राहिल्या! ही सारी त्या जिवांची करामत.

पण या जिवांनाही जेवणाची वेळ असते. पेंड पोटात गेली की साधारण एक ते तीन तासांत कोटीपोटातला अमोनिया वाढतो. शेंगदाण्याची पेंड लवकर विरघळते, सरकीची त्यामानाने सावकाश. त्याच वेळी पिष्ट किंवा साखर हाताशी असेल तर सूक्ष्मजीव त्या अमोनियाची प्रथिने करतात. नसेल तर तो रक्तात जातो, यकृत त्याचा युरिया करतं. त्यातला काही लाळेतून पुन्हा पोटात येतो (गाय मोठी काटकसरी!), बाकीचा मूत्रातून जातो. म्हणजे गव्हाणीत टाकलेले पैसे मोरीतून वाहून गेले.

आता आपली रीत बघा. सकाळ-संध्याकाळ धार काढताना पेंडीचं घमेलं पुढे ठेवायचं आणि मग दिवसभर नुसता कडबा. ज्वारीच्या कडब्यात प्रथिने जेमतेम ३-४ टक्के. एकूण खाण्यात ती ७ टक्क्यांच्या खाली गेली की सूक्ष्मजीव मंदावतात आणि गाय चाराही कमी खाते. दिवसातून दोनदा मेजवानी आणि मधे उपास, असा हा प्रकार.

गाईला स्वतःचं घड्याळ आहे. मोकळी सोडली तर ती मुख्यतः पहाटे आणि सांजेला चरते, रात्री बराच वेळ रवंथ करते. सजीवांच्या शरीरातलं असं घड्याळ पेशीत कसं चालतं, या शोधाला २०१७ चं नोबेल मिळालं. दिवसभराच्या उन्हाने संध्याकाळच्या हिरव्या गवतात साखर जास्त साठलेली असते, म्हणजे प्रथिनांचा उपयोग करायला तीच वेळ चांगली. आणि आपण काय करतो? दहाला गुरं सोडतो, भर उन्हात हिंडवतो आणि दिवेलागणीच्या आधी दावणीला बांधतो. संकलन केंद्राची वेळ, फॅट, एसएनएफ, सगळं माणसाच्या सोयीचं.

यावर लगेच उत्तर येतं, "चार-चार वेळा पेंड घालायची कुणी?" रास्त आहे. गोठ्याचं काम बहुतेक घरांत बायकांच्या अंगावर, आणि त्या आधीच दमलेल्या. म्हणून मी वेगळं काही आणायला सांगत नाही. आहे तीच पेंड कडब्याच्या कुट्टीत कालवून द्या, म्हणजे ती हळूहळू पोटात जाईल. रात्रीसाठी गव्हाण रिकामी ठेवू नका. लसूणघास किंवा शेवरी आठवड्यातून एकदा भाराभर टाकण्यापेक्षा रोज थोडी घाला. उन्हाळ्यात शक्य असेल तर गुरं लवकर सोडा, उशिरा बांधा.

दोन गाईंवर घर चालवणाऱ्याचा पेंडीचा खर्चच सगळ्यात जास्त टोचतो. पोतं वाढवण्याआधी त्याने आठवडाभर वेळ बदलून पाहावी, एवढंच माझं म्हणणं. याला पैसे लागत नाहीत.