नक्कल म्हणून हिणवू नका

‘हे तर पाहून काढलंय!’ वर्ध्याच्या एका प्रदर्शनात माझ्या चित्रापुढं उभं राहून कुणीतरी म्हणालं आणि माझी मान खाली गेली. आंजी मोठीला येईपर्यंत एसटीत तेच वाक्य कानात घुमत होतं.

खरंच होतं ते. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातली ‘मरणासन्न राजकन्या’ मी पुस्तकातून काढली होती. छापील चित्रावर चौकटी आखल्या, कॅनव्हासवर तेवढ्याच मोठ्या आखल्या आणि एकेक चौकट भरत गेले.

मैत्रिणींनो, तैलरंगाची मला धास्तीच होती. मग कळलं, यातलं तेल बहुधा आपल्या जवसाचंच! हवेतला प्राणवायू घेत ते सावकाश घट्ट होतं, म्हणून चूक सुधारायला वेळ मिळतो. खालचे थर टर्पेंटाइन घालून पातळ, वरचे जास्त तेलाचे. उलट केलं तर रंग पुढं तडकतो. आणि हो, तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेतात. बाहेर पसरून वाळवा.

तिचा चेहरा मी तीनदा खरवडला. डोळे मिटले की झोपलेली वाटे, उघडले की रुसलेली. मग ध्यानात आलं, दुःख नुसत्या डोळ्यांत नाहीच. ते कलंडलेल्या मानेत आहे, मागून सावरणाऱ्या दासीत आहे. चौथ्यांदा रंगवलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, ‘काहून वं, या बाईले बरं नाही का?’ म्हटलं, जमलं!

अभ्यासक तिला नंदाची बायको सुंदरी मानतात. नवरा भिक्खू झाला, त्याचा मुकुट तेवढा घरी आला, ते पाहून ती कोसळली. कथा नंदाची, पण पाचव्या शतकातला तो चित्रकार मागे राहिलेल्या बाईपाशी थांबला. नुसतं बघून मला हे कळलं नसतं.

आणि अजिंठा उतरवणारी मी काही पहिली नाही. १८४४ मध्ये रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याला त्याच कामावर नेमलं होतं. त्याच्या बहुतेक तैलप्रती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. १८७२ पासून जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना तिथं नेत. भाव दाखवण्यात या राजकन्येच्या वरचढ चित्र जगात नाही, असं त्यांचं मत होतं. त्यांच्याही बऱ्याच प्रती १८८५ च्या आगीत जळाल्या. पण तयार झालेले हात जळाले नाहीत. त्यांतले पेस्तनजी बोमनजी पुढं नावाजलेले चित्रकार झाले.

आपण रांगोळी आईचे ठिपके मोजतच शिकलो ना? स्वेटरचे टाके शेजारणीचे पाहूनच घातले ना? तेव्हा कुणी नक्कल म्हणालं नाही. मग चित्रालाच का? अट एकच. मूळ चित्र कुठलं, ते प्रतीखाली लिहायचं. मी लिहिलं नव्हतं, ती चूक माझी. आता लिहिलंय.

नवा कॅनव्हास ताणलाय. या वेळी समोर पुस्तक नाही. सासूबाई बसल्यात, जवस निवडत.