नवी पेठ आणि तिचा कौल

पेशवाईंत नवी पेठ वसवावयाची झाली म्हणजे तेथें येणारांस सरकारांतून कौल मिळत असे. जो उदमी, जो कारागीर येऊन दुकान मांडील त्यास कांहीं वर्षें पट्टी माफ, अशी त्यांत हमी असे. नुसते रस्ते आंखल्यानें पेठ होत नाहीं. कारागीर बसला म्हणजे गिऱ्हाईक येतें, आणि गिऱ्हाईक आलें म्हणजे दुसरा कारागीर येतो, हें त्या काळच्या राज्यकर्त्यांस पुरें ठाऊक होतें.

हें आज आठवण्याचें कारण आमच्या पुतण्याची कन्या. ती संगणकाचे प्रोग्राम लिहिते. घरोघरच्या मंडळींनीं वाचलेल्या पुस्तकांवर चार ओळी लिहाव्या व एकमेकांस दाखवाव्या, यासाठीं एक लहानसें ॲप रोज रात्रीं दोन तास बसून तयार करावें असा तिचा मनोदय आहे. "आजोबा, पाया म्हणून घेण्याजोगे प्रोटोकॉल तीन आहेत. माझे दोन तास कोणत्यावर खर्चूं?" असें तिनें विचारलें. प्रोग्रामची विद्या आम्हांस नाहीं; परंतु तिच्याकडूनच विषय समजावून घेतल्यावर जें मत बनलें तें वाचकांपुढें ठेवतों.

मुळांत हा प्रश्न उद्भवतो तो एका मालकाच्या वाड्यांत बिऱ्हाड केल्यानें. ट्विटर नवें असतां बाहेरच्या कारागिरांनीं त्यासाठीं उत्तमोत्तम ॲप्स रचिलीं. पुढें २०१२ सालीं मालकानें त्यांच्या गिऱ्हाइकांवर संख्येची मर्यादा घातली, आणि २०२३ च्या जानेवारींत ट्विटबॉट, ट्विटरिफिक हीं जुनीं दुकानें पूर्वसूचनेवांचून बंद पाडलीं. त्याच वर्षीं रेडिटनें जबर दर लाविला, तेव्हां अपोलो हें लोकप्रिय ॲप ३० जूनला मिटलें. आपल्याकडे 'कू' या सेवेंत मराठींतूनही लिहिण्याची सोय होती; २०२४ च्या जुलैमध्यें ती बंद झाली आणि तेथें जमलेला गोतावळा विखुरला. वर्षानुवर्षांचे श्रम एका सहीनें शून्य व्हावे, हें दुःख लहान नव्हे.

यावर उपाय म्हणजे प्रोटोकॉल. टपालाचे नियम एकदां सर्वमान्य झाले म्हणजे पुण्याच्या पत्रास लंडनचें टपालखातें परकें मानीत नाहीं. ई-मेलचें असेंच आहे. संभाषणाचे नियम खुले असावे, म्हणजे कोणींही त्यांवर दुकान मांडावें आणि कोणीही पेठेचा धनी नसावा, अशी ही कल्पना.

आतां कारागीर पाहतो त्या गोष्टी तीन: पहिली पायरी सोपी असावी, गिऱ्हाईक तयार असावें, आणि मालकाचें भय नसावें. आमच्या समजुतीप्रमाणें प्रत्येक प्रोटोकॉल यांपैकीं दोन देतो व तिसरी हातची राखतो.

पहिला ॲक्टिव्हिटीपब. वेबचे नियम ठरविणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेनें २०१८ च्या जानेवारींत त्यास मान्यता दिली. ऑयगन रोख्को यांनीं जर्मनींत २०१६ सालीं सुरू केलेलें मॅस्टोडॉन हें त्यावरील मोठें गांव. शिवाय छायाचित्रांसाठीं पिक्सेलफेड, चलच्चित्रांसाठीं पीअरट्यूब आहे. येथें धनी नाहीं, वस्तीही आहे. परंतु ओळख सर्व्हरशीं बांधलेली. सर्व्हर बदलला तर अनुयायी बरोबर नेतां येतात, जुनें लेखन मागें राहतें. आणि नवें दुकान मांडणारास बहुधा स्वतःचा सर्व्हर चालवावा लागतो. मग खर्च, दंगेखोरांचा बंदोबस्त, सारें त्याच्याच माथीं.

दुसरा नॉस्टर, २०२० सालचा. त्याची रचना इतकी साधी कीं चार संध्याकाळींत कांहीं तरी चालूं लागतें, मालकही नाहीं. वस्ती मात्र मुख्यतः बिटकॉइनच्या भक्तांची. शिवाय ओळख म्हणजे एक गुप्त किल्ली. ती हरवली तर दाद मागावयास कचेरी नाहीं. घरांतील आजींच्या हातीं अशी किल्ली देण्याचें धैर्य आम्हांस होत नाहीं.

तिसरा एटी प्रोटोकॉल, म्हणजे ब्लूस्कायचा. २०१९ च्या डिसेंबरांत ट्विटरनेंच ही योजना जाहीर केली, २०२१ सालीं तिची स्वतंत्र कंपनी झाली, आणि २०२४ च्या फेब्रुवारींत दार सर्वांस उघडलें. त्या नोव्हेंबरांत सभासद दोन कोटींवर गेले, पुढील जानेवारींत तीन कोटींवर. येथें माणसाची ओळख व त्याचें लेखन ॲपपासून वेगळें ठेविलें आहे. म्हणून नवें ॲप उघडलें तरी जुनेंच अकाउंट चालतें व जुनाच परिचय कामीं येतो. रिकाम्या दुकानांत गिऱ्हाइकाची वाट पाहत बसणें नको. फ्लॅशेस, स्कायलाइट अशीं ॲप्स २०२५ सालीं निघालीं तीं या सोयीमुळें. परंतु बहुतेकांचीं अकाउंटें कंपनीच्याच सर्व्हरवर आहेत, आणि कंपनी गुंतवणूकदारांच्या पैशावर उभी राहिली आहे. ओळखींची मुख्य नोंदवहीही तिनेंच घातली. ती स्वित्झर्लंडमधील स्वतंत्र संस्थेकडे देण्याचा मनोदय २०२५ मध्यें जाहीर झाला. ब्लॅकस्कायसारख्या मंडळीनें स्वतःचे सर्व्हर उभारले, हें सुचिन्ह. तरी भय सर्वथा गेलें असें म्हणवत नाहीं.

येथेंच सावध राहिलें पाहिजे. हातोड्यांचे आवाज जेथें फार तेथें पेठ टिकणार, असें अनुमान करणें हा गड्डरिकाप्रवाह होय. एक्सएमपीपी या खुल्या प्रोटोकॉलवर गूगल टॉक चालत असे. गूगलसारखें मोठें दुकान आल्यानें सर्वांस हायसें वाटलें. २०१३ सालीं गूगलनें हँगआउट्स आणून बाहेरच्या सर्व्हरांशीं संबंध तोडला. नियम आजही जिवंत आहेत, परंतु गर्दी मोठ्या दुकानाबरोबर निघून गेली. गर्दी कोणाची, पेठेची कीं एका दुकानाची, हें पाहावयास हवें होतें.

सबब आम्हीं तिला सांगितलें तें असें. तुझ्यापाशीं दोनच तास आहेत, आणि वाचकांवांचून वाचकमंडळ व्हावयाचें नाहीं. तेव्हां तूर्त तिसऱ्या पेठेंत बैस. मात्र पहिल्या दिवसापासून प्रत्येकास आपलें लेखन उचलून नेण्याची सोय ठेव. आणि एक ओळ लिहिण्यापूर्वीं स्वतःचें अकाउंट कंपनीच्या सर्व्हरवरून दुसरीकडे हलवून पाहा. कौल कागदावर सर्वच देतात; तो खरा कीं नाहीं हें निघून जातांना कळतें.

गेल्या रविवारीं तिनें तसें केलें. जुनें लेखन व परिचित मंडळी दोन्ही बरोबर आलीं. परंतु सकाळपासून दिवेलागणीपर्यंतचा वेळ त्यांत गेला, आणि तिच्यासारख्या जाणत्या मुलीस जें दिवसभर पुरलें तें इतरांस साधणें कठीणच. ही वाट अजून पायवाट आहे, राजरस्ता नव्हे. ती रुंद करणें हेंही कारागिराचेंच काम, असें म्हणून तिनें सोमवारीं रात्रीं कामास आरंभ केला.

वाचकांच्या घरींही कोणी मुलगा, मुलगी वा सूनबाई अशा उद्योगांत असेल. किती लोक वापरतात, असा प्रश्न आपण वडीलमंडळी त्यांस प्रथम विचारतों. त्याआधीं एवढें विचारावें कीं, उद्यां तेथून निघावयाचें झालें तर आपलें सामान व आपलीं माणसें बरोबर घेऊन निघतां येईल काय?