धर्म सुधारला, तलाव कुणाचा?

जर्मनीतील शेतकऱ्यांच्या उठावाला २०२५ साली पाचशे वर्षे पूर्ण झाली. भंडारा जिल्ह्यातील कार्यकर्त्याला त्याचे काय, असे कुणी विचारील. परंतु मार्च १५२५ मध्ये मेमिंगेन येथे त्या शेतकऱ्यांनी मांडलेल्या बारा मागण्या वाचल्या, तर वैनगंगेकाठच्या एखाद्या ग्रामसभेचा ठराव वाचत असल्याचा भास होतो. आपला धर्मोपदेशक निवडण्याचा अधिकार गावाला असावा, ही पहिली मागणी. त्यापाठोपाठ भूदासत्व नष्ट व्हावे, वाहत्या पाण्यातील मासळी व रानातील लाकूड गरिबाला मिळावे, सरदारांनी बळकावलेली कुरणे गावाला परत करावीत, अशा मागण्या होत्या. धर्मसुधारणेचा अर्थ शेतकऱ्याने हा लावला होता.

१५१७ साली मार्टिन ल्यूथरने पापमुक्तीपत्रांच्या बाजारावर घाव घातला, तेव्हा अवघा युरोप हादरला. पण शेतकरी त्याच्या शब्दांचा आधार घेऊन धन्याच्या बांधापर्यंत पोहोचताच ल्यूथर राजेरजवाड्यांच्या बाजूला गेला आणि बंडखोरांचे निर्दालन करण्याचा सल्ला त्याने दिला. सुमारे एक लाख शेतकरी मारले गेले असावेत, असा अंदाज इतिहासकार करतात. पुढे १५५५ च्या ऑग्सबुर्गच्या तहाने राजाचा धर्म तोच प्रजेचा धर्म, असे ठरले. इंग्लंडात आठव्या हेन्रीने १५३४ साली पोपशी नाते तोडले व १५३६ ते १५४० या काळात मठ बरखास्त केले. त्यांच्या जमिनी पुढे बव्हंशी सरदारांच्या, जमीनदारांच्या व धनिकांच्या हाती गेल्या. मठाधिपती गेला; खंड भरणारा कूळ जेथे होता तेथेच राहिला.

याच राजसत्ता समुद्र ओलांडून बाहेर पडल्या. १४९४ च्या तोर्देसिलासच्या कराराने स्पेन व पोर्तुगाल यांच्या राजांनी युरोपबाहेरच्या भूमी आपसांत वाटून घेतल्या. त्या भूमीवर राहणाऱ्यांना याचा पत्ताही नव्हता. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला आला, १५१० मध्ये गोवा पोर्तुगीजांच्या हाती पडला आणि १५६० मध्ये तेथे धर्मन्यायालय बसले. १६६१ च्या विवाहकरारात मुंबई इंग्लंडच्या राजाला हुंडा म्हणून मिळाली व त्याने ती १६६८ साली वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली.

हुंड्यात आलेल्या मुंबईपासून भंडारा फार दूर नाही. त्याच कंपनीच्या राजवटीने १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा केले, कारण डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघुजी भोसले पुत्रावाचून वारले होते. मुंबई हुंड्यात गेली, नागपूर वारसाअभावी गेले. रयतेला दोन्ही वेळा कुणी विचारले नाही. भंडारा त्याच राज्याचा भाग होता. त्यानंतरच्या जमाबंदीत इंग्रजांनी मालगुजारांना गावांचे मालकी हक्क बहाल केले. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने ज्यांच्या बांधणीत आपले कौशल्य ओतले, ते तलावही मालगुजारांच्या मिळकतीत धरले गेले. १९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि हे तलाव सरकारजमा झाले. गावाची जुनी देखभाल मोडली. तिच्या तोडीची नवी व्यवस्था उभी राहिली नाही. अनेक तलाव गाळाने भरले. मालगुजार गेला, पण तलाव गावाचा झाला नाही.

या पार्श्वभूमीवर १९५४ ची भंडाऱ्याची पोटनिवडणूक आठवावी लागते. मतदारसंघ द्विसदस्य होता. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर पराभूत झाले. समाजवाद्याला लोकसभेत पाठविणारा मतदारसंघ जातिनिर्मूलनाच्या सर्वांत मोठ्या नेत्याला पाठवू शकला नाही, ही गोष्ट समाजवादी चळवळीने अभिमानाने सांगण्याजोगी खचितच नाही. एका बाजूला जमिनीचा प्रश्न, दुसऱ्या बाजूला धर्माचा व जातीचा, अशी जी फारकत चळवळीने मान्य केली, तिचे हे दर्शन होते.

स्वतः बाबासाहेबांनी ती फारकत कधीच मानली नव्हती. १९४७ च्या आपल्या निवेदनात त्यांनी शेतजमीन राज्याच्या मालकीची असावी व शेती सामुदायिक पद्धतीने व्हावी, असे सुचविले होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी लाखो अनुयायांसह धम्माचा स्वीकार केला तो कोणा राजाच्या फर्मानाने नव्हे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४-६५ साली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, तेव्हा हजारो स्त्रीपुरुष तुरुंगात गेले. मेमिंगेनचा शेतकरी जेथे एकाकी पडला, तेथून पुढचे पाऊल या सत्याग्रहींनी टाकले होते.

आज धर्माचे नाव घेणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या मिरवणुकांत बैलगाडीपासून ध्वनिक्षेपकापर्यंत सारे असते. धिवरांच्या मासेमारीचा हक्क, निस्तार हक्कांची नोंद, गोसेखुर्द धरणात गाव गमावलेल्यांचे पुनर्वसन मात्र नसते. कोणत्याही धर्मसुधारकाची आणि कोणत्याही सत्तेची कसोटी याच ठिकाणी लागते. ही कसोटी इतरांना लावण्यापूर्वी कार्यकर्त्यांनी ती स्वतःला लावणे न्याय्य ठरेल.

काम मोठे आहे, पण अस्पष्ट नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक हक्काचा दावा करता येतो. जयंती आणि वर्धापनदिन साजरे व्हावेतच. पण त्याच दिवशी गावाच्या निस्तारपत्रकाचे जाहीर वाचन व्हावे, तलावाचा ठेका कुणाला व कोणत्या अटींवर दिला हे विचारले जावे आणि त्या सभेत धिवर, गोंड, कोहळी, बौद्ध व कुणबी एकाच सतरंजीवर बसावेत. पाचशे वर्षांपूर्वीच्या त्या बारा मागण्यांना भंडाऱ्यात द्यावयाचे उत्तर तेथूनच सुरू होईल.