फ्यूजन हॉटेलच्या ताटात होत नाही, घरच्या चुलीवर होते



६ डिसेंबरला चैत्यभूमीवर अभिवादन करून आम्ही एक दिवस मुंबईत थांबलो. आमच्याच तालुक्यातला, शाळेपासूनचा एक मित्र तिथे मोठ्या कंपनीत आहे. जातीने मराठा, गावात जमीनजुमला असलेल्या घरातला, मनाने चांगला. त्याने आम्हाला जेवायला नेले. आम्ही दोघे बौद्ध, एक मातंग समाजातला मित्र आणि तो. हॉटेल लोअर परळला, जपान आणि पेरू या दोन देशांच्या मिश्र पदार्थांचे. या स्वयंपाकाला 'निक्केई' म्हणतात. लिंबाच्या रसात मुरवलेली कच्ची मासळी, भाताचे मुटके, सळईवर भाजलेले कोंबडीचे तुकडे. मधोमध ठेवलेल्या थाळीत चौघांचे हात. बिल आमच्या महिन्याच्या किराण्याएवढे आले. मित्राने भरले.

जेवता जेवता तो म्हणाला, "बघा, चौघं एका ताटात जेवायलोत. कुठं राहिली जात? तुम्हीच उगं धरून बसलाव."

हे वाक्य तुम्हीही ऐकले असेल. कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये, ढाब्यावर, ऑफिसच्या पार्टीत. बोलणारा बहुतेक वेळा चांगला माणूस असतो, म्हणून आपण हसून गप्प बसतो. आम्हीही त्या रात्री निम्मेच बोललो. उरलेले निम्मे इथे लिहीत आहोत.

आधी त्या ताटाचीच हकीकत पाहू. १८९९ साली 'साकुरा मारू' या जहाजातून ७९० जपानी मजूर पेरूला उतरले. कशासाठी? उसाच्या मळ्यांवर करारावर राबण्यासाठी. आपल्या भूम, वाशी, कळंबकडून मुकादमाची उचल घेऊन कोयत्याला जाणाऱ्या जोड्या आठवा, म्हणजे त्यांची दशा वेगळी सांगायला नको. रोगराईने अनेक जण गेले, अनेक जण मळे सोडून लिमा शहरात पळाले. तिथे त्यांनी छोटी दुकाने टाकली, खानावळी टाकल्या. पेरूचे लोक मासळी लिंबाच्या रसात तासन् तास मुरवत, यांनी ती काही मिनिटांवर आणली. १९४० च्या मे महिन्यात लिमामध्ये जमावाने जपान्यांची दुकाने लुटली. युद्धकाळात सुमारे १८०० जणांना पकडून अमेरिकेतल्या छावण्यांत डांबले. एवढे सोसूनही शेजारपाजारातून, खानावळींतून, लग्नांतून दोन चुली मिसळत गेल्या. २०२५ साली लिमाचे 'माइदो' हे निक्केई हॉटेल जगातल्या ५० सर्वोत्तम हॉटेलांच्या यादीत पहिले आले. ऊसमळ्यातल्या मजुरांच्या वारसांची चूल तिथवर पोचली.

त्या सळईवरच्या मांसाला 'अँटिकुचो' म्हणतात. पेरूमध्ये तो बैलाच्या हृदयाचा करतात. तिथल्या आफ्रिकी गुलामांच्या वाट्याला मालकाच्या ताटात न जाणारे अवयव येत. त्यांनी ते मसाला लावून निखाऱ्यावर भाजले. आज लिमाच्या रस्त्यावर कुणीही ते उभ्या उभ्या खातो.

आता आपल्याकडे या. वजडी, रक्ती, मुंडी, उन्हात वाळवलेल्या चान्या. मालकाच्या ताटात न जाणारे तेच आपल्या आज्यांच्या हाती आले आणि त्यांनीही अक्कल लावून ते रुचकर केले. आपल्याच जिल्ह्यातले शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या या स्वयंपाकाची रीतसर नोंद केली. पुस्तकाचे नावच सांगते की ज्या ब्रह्माला पूर्ण म्हणतात, त्यात आपली चूल कुणी धरलीच नव्हती. २०२४ साली ते इंग्रजीत आले आणि त्याची चर्चा सगळीकडे झाली. पण धाराशिवच्या कोणत्या हॉटेलात या पदार्थांची पाटी आमच्या घरच्या नावाने लागते? बैलाच्या चान्या तर २०१५ च्या कायद्याने गुन्ह्यातच गेल्या.

इथे कुणी विचारील, बाबासाहेबांनीच तर महाडला १९२७ साली मृत मांस सोडा म्हणून सांगितले होते, मग हे कौतुक कशाला? बाबासाहेबांनी लाचारी सोडायला सांगितली. मेलेले ओढायचे आणि तेच खायचे, शिळे तुकडे मागायचे, ही गावाने लादलेली अवस्था झुगारायला सांगितली. ज्या आयांनी त्या अवस्थेत लेकरे जगवली त्यांची लाज बाळगा, असे ते कधी म्हणाले नाहीत. लाचारी गेलीच पाहिजे. आजीच्या हाताची लाज मात्र आपण का वाहायची?

तर आमच्या मित्राला आमचा पहिला प्रश्न असा होता: "तू आमच्या घरी किती वेळा जेवलास?" तो आठवू लागला. वीस वर्षांच्या मैत्रीत तो आमच्या दारात शंभर वेळा आला, चहा घेतला, आणि जेवायची वेळ झाली की दर वेळी त्याचे पोट भरलेले होते. दुसरा प्रश्न: "तुझ्या आईच्या चुलीजवळ आम्ही कधी बसलो?" ओसरीवर बसलो. लग्नाच्या मांडवात पंगतीला बसलो. चुलीजवळ नाही.

मुंबईत मात्र एका ताटात हात घालताना त्याला काहीच वाटले नाही, कारण त्या ताटाला आपल्याकडची जात नव्हती. ते कुणी शिजवले हे त्याला दिसत नव्हते, आणि पेरूतल्या गुलामाची वजडी त्याच्या गावकुसाबाहेरची नव्हती. परदेशी अन्न खाताना जात मध्ये येत नाही. ती शेजारच्या घरातले अन्न खाताना येते. म्हणून हॉटेलातल्या एका ताटाने जात गेल्याचे सिद्ध होत नाही. पैसे मोजले की जात थोडा वेळ बाहेर थांबते, एवढेच सिद्ध होते.

आणि आम्ही बसलो होतो कुठे? गिरणगावात. याच भागातल्या गिरण्यांत विणाई खात्यात, जिथे पगार जास्त, तिथे अस्पृश्य कामगाराला घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि त्याची थुंकी लागलेला धागा सवर्ण कामगाराला चालत नसे. एकाच मालकाकडे, एकाच भोंग्यावर, एकाच संपात असलेली ही माणसे! बाबासाहेबांनी हा प्रश्न गिरणी संपाच्या काळात थेट कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला होता. एकत्र राबून जे आपोआप गेले नाही, ते एकत्र बिल भरून कसे जाईल?

सहभोजने आपल्याकडे कमी झाली नाहीत. अनंत हरी गद्र्यांसारख्या माणसांनी झुणका-भाकरीची सहभोजने प्रामाणिकपणे घातली, त्यांचा आदर आहेच. पण १९३६ च्या 'जातिप्रथेचे निर्मूलन' या भाषणात बाबासाहेबांनी स्पष्ट बजावले की सहभोजनाने जात मोडलेली नाही. खरा उपाय त्यांनी आंतरजातीय विवाहात पाहिला, आणि त्याच्याही मुळाशी जाऊन जातीला पवित्र ठरवणाऱ्या शास्त्रांवरचा विश्वास तोडायला सांगितला.

इथपर्यंत आम्ही जोरात होतो. मराठा मित्र खाली मान घालून ऐकत होता. तेवढ्यात इतका वेळ गप्प बसलेला मातंग मित्र आम्हाला म्हणाला, "त्याला इचारलंत ते बरं केलंत. आता मी तुम्हाला इचारतो. तुमच्यात माझ्या भैनीची सोयरीक होईल का?"

आम्ही दोघेही गप्प झालो. त्या रात्रीचे सगळ्यात खरे वाक्य तेच होते.

मित्रांनो, आपल्या धाराशिव तालुक्यातल्या कसबे तडवळ्यात २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी बाबासाहेब आले होते. परिषदेचे नाव होते महार-मांग वतनदार परिषद. हे दोन शब्द एका फलकावर लिहिणे त्या काळी सोपे नव्हते, कारण दोन्ही वाड्यांत एकमेकांचे पाणी चालत नव्हते. आपण त्या परिषदेची आठवण दरवर्षी अभिमानाने काढतो. पण त्या फलकावरचे दोन शब्द आपल्या घरात किती जवळ आले? बौद्ध झालो, बावीस प्रतिज्ञा पाठ केल्या, आणि मुलीचे स्थळ बघताना पहिला प्रश्न काय विचारतो? वरच्याला जाब विचारताना आपला आवाज चढतो, बाजूच्याने विचारले की खाली येतो. हा दुटप्पीपणा बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून चालणार नाही.

म्हणून येत्या १४ एप्रिलला मिरवणुकीइतकेच महत्त्व चुलीला द्या. मातंग वस्तीतल्या घरी जाऊन त्यांच्या हातचे जेवा, त्यांना आपल्या स्वयंपाकघरात बोलवा. मराठा, लिंगायत, धनगर मित्राला हॉटेलात नको, घरी जेवायला सांगा. पोट भरलेय म्हणाला तर भूक लागेपर्यंत बसवून ठेवा. आणि घरात पोरापोरींनी जातीबाहेरचे नाव काढले तर सगळ्यात आधी आपण त्यांच्या बाजूने उभे राहा.

मराठा मित्राने जानेवारीत घरी जेवायला यायचे कबूल केले आहे. मातंग मित्राला मात्र आम्ही अजून उत्तर दिलेले नाही. ते द्यायचे आहे, आणि ते लेख लिहून देता येणार नाही.

जय भीम!