शेजारचे झाड आणि घराची भिंत

शेजारच्या आवारातले मोठे झाड घराला लागून वाढले की तक्रारी ठरलेल्या असतात. फांद्या कौलांवर घासतात, पानांनी पन्हळ तुंबते, कुंपणाची भिंत फुगते आणि वळवाच्या वाऱ्यात घरातल्यांचा जीव टांगणीला लागतो. मग ‘झाडच काढून टाका’ ही मागणी पटकन तोंडी येते. पण फांद्यांचा त्रास, मुळांचा त्रास आणि झाड पडण्याची भीती या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. नेमका त्रास कोणता, हे आधी ओळखले तर बहुतेक वेळा झाडही वाचते आणि शेजारही टिकतो.

सर्वांत जास्त तक्रारी फांद्यांच्या, आणि त्यांवर उपायही सर्वांत सोपा. नीट केलेल्या छाटणीने घर मोकळे होते आणि झाडाला धक्का लागत नाही. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे सालीचा थोडा फुगीर, सुरकुतलेला पट्टा दिसतो. काप या पट्ट्याच्या लगेच बाहेर घ्यायचा असतो. पट्टाच कापला तर खोडावर मोठी जखम होते; फार लांब कापले तर उरलेला खुंट कुजून कीड आत शिरते. अमेरिकेच्या वनखात्यातील संशोधक अ‍ॅलेक्स शिगो यांनी असंख्य झाडे उभी चिरून दाखवून दिले, की झाडाची जखम माणसाच्या कातडीसारखी भरून येत नाही. झाड कुजलेल्या भागाभोवती आतून भिंत उभारते आणि पुढची वाढ तिच्याबाहेर करते. म्हणूनच पहिला काप योग्य जागी पडणे महत्त्वाचे.

जड फांदी तीन कापांत उतरवतात. खोडापासून हातभर अंतरावर आधी खालून अर्धवट काप, मग त्याच्या थोडे पुढे वरून पूर्ण काप आणि शेवटी उरलेल्या खुंटाचा काप. खालचा काप न घेता फांदी तोडली तर ती आपल्या वजनाने खोडाची साल सोलत खाली येते. एका वेळी पालवीचा चौथा हिस्साही कमी करू नये. शेंडाच उडवून झाड बोडके करणे ही सर्वांत घातक रीत आहे. त्या जागी फुटणाऱ्या धुमाऱ्यांची पकड वरवरची असते, आणि काही वर्षांनी तेच जाड होऊन वाऱ्यात मोडतात. विजेच्या तारांजवळची छाटणी वीजपुरवठा बंद करून घेतल्याशिवाय करू नये. फांद्यांत घरटी आहेत का, हेही आधी पाहावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पक्ष्यांची अंडी आणि घरटी यांना संरक्षण दिले आहे.

मुळांबद्दल गैरसमज फार आहेत. झाडाची बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या दोन-तीन फुटांतच पसरतात आणि पालवीच्या घेराच्याही बाहेर जातात. धडधाकट पाइप ती सहसा फोडत नाहीत; गळक्या सांध्यातून ओल मिळाली की त्यात शिरतात. अशा वेळी मूळ तोडण्याआधी पाइप दुरुस्त करावा लागतो. पायाचा प्रश्न मातीवरही अवलंबून असतो. दख्खनच्या काळ्या मातीत पावसाळ्यात जमीन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. मोठे झाड ओल शोषून घेते तेव्हा माती आणखी आकसते आणि उथळ पायाचे घर खचून भिंतीला तिरक्या भेगा पडू शकतात. मुरूम किंवा कातळावरच्या घराला हा धोका फारच कमी. भेग झाडामुळेच पडली का, हे स्थापत्य अभियंत्याला विचारूनच ठरवावे. खोडालगतची जाड मुळे एका बाजूने तोडली तर झाडाचा आधार जातो, आणि जे झाड पडणार नव्हते तेच घरावर कोसळण्याची वेळ येते.

पडण्याचा धोका काही खुणांवरून ओळखता येतो. बुंध्याशी अळंबी उगवणे, खोडात ढोली, नव्याने आलेला कल, कलाच्या विरुद्ध बाजूला जमिनीला पडलेली भेग, वाळलेल्या जाड फांद्या, या त्या खुणा. जुना, वर्षानुवर्षे तसाच असलेला कल तेवढा घाबरवणारा नसतो. गुलमोहराचे लाकूड ठिसूळ आणि मुळे उथळ. रेन ट्रीचा पसारा अवाढव्य. या दोन्हींकडे पावसाळ्याआधी लक्ष हवे. बुंध्यापर्यंत ओतलेले काँक्रीट आणि घट्ट बसवलेले पेव्हर ब्लॉक यांनी मुळांचा श्वास कोंडतो. दिल्लीतील झाडांबाबत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये बुंध्याभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला तो याच कारणाने.

एवढे पाहून झाल्यावर शेजाऱ्याशी बोलावे. ‘तुमच्या झाडाने घर पाडले’ असे म्हणण्यापेक्षा फांदी, भेग, अळंबी प्रत्यक्ष दाखवली की बोलणे भांडणावर जात नाही. छाटणीचा खर्च वाटून घेण्याची तयारी दाखवली तर बरेच तंटे इथेच मिटतात. तरीही दखल घेतली गेली नाही, तर छायाचित्रांसह लेखी पत्र द्यावे. धोका माहीत असूनही मालकाने काही केले नाही, हे पुढे नुकसानभरपाई मागताना या पत्राने दाखवता येते.

शेजाऱ्याची फांदी हद्दीत आली तर ती हद्दीपर्यंत कापता येते, हे तत्त्व इंग्लंडमध्ये १८९४ च्या लेमन विरुद्ध वेब या खटल्यात पक्के झाले आणि भारतीय न्यायालयांनीही ते मानले आहे. मात्र त्यासाठी शेजाऱ्याच्या जागेत पाऊल टाकता येत नाही, आणि कापलेली फांदी व तिच्यावरची फळे झाडाच्या मालकाचीच राहतात. महाराष्ट्रातील शहरांत या हक्काला आणखी एक मर्यादा आहे. १९७५ च्या झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमात झाड तोडणे म्हणजे फक्त बुंधा कापणे नव्हे. जाळणे किंवा कोणत्याही प्रकारे इजा करणेही त्यात येते. बुंध्यात औषध ओतणे किंवा साल गोलाकार सोलणे म्हणूनच गुन्हा ठरतो. मोठ्या छाटणीसाठी महापालिका किंवा नगरपालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. झाड तोडायचे असेल तर पाहणी होते आणि झाडावर नोटीस लावून हरकती मागवल्या जातात. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरील झाडांना हेरिटेज वृक्ष म्हणून वेगळे संरक्षण आहे, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची अट आहे. गोव्यात यासाठी १९८४ चा स्वतंत्र कायदा आहे.

झाड पडून माणसे जखमी होण्याचा खरा धोका असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे जाता येते. हेच पूर्वीचे फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम १३३. पडण्याच्या बेतात असलेले झाड काढण्याचा किंवा त्याला आधार देण्याचा आदेश देण्याची तरतूद त्यात स्पष्ट शब्दांत आहे. आधार देणेही कायद्याला मान्य आहे, हे ध्यानात ठेवण्याजोगे. दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम आणि भरपाई मागता येते, पण तिथे वेळ आणि पैसा दोन्ही जातात. म्हणून तो मार्ग शेवटचा.

झाड जाणारच असेल, तर त्या जागी नवे लावताना दोन्ही घरांनी मिळून ठरवावे. भिंतीलगत पारिजातक, तगर, कढीपत्ता अशी बेताने वाढणारी झाडे चालतात. वड, पिंपळ आणि रेन ट्री यांना मोकळे मैदानच हवे. रोप लावताना त्याच्या पूर्ण वाढीचा घेर मनात धरला, तर पुढच्या पिढीला या वादात पडावे लागत नाही.