मनुष्यबळाचे शिक्षण, पण ताळेबंदाविना

बुलडाणा : आकडेमोड जमत नाही म्हणून मनुष्यबळ व्यवस्थापन, असा एक सरधोपट हिशेब एमबीएच्या अनेक विद्यार्थ्यांच्या मनात असतो. पहिल्या वर्षी लेखाशास्त्र आणि वित्तव्यवस्थापनाचे विषय सर्वांनाच असतात. ते कसेबसे पार पडले, की दुसऱ्या वर्षी विशेषीकरण निवडताना अंकांपासून सुटका झाल्याचे समाधान मिळते. ही सुटका फसवी होतीच. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी देशात चार श्रमसंहिता लागू झाल्यापासून ती महागही ठरू लागली आहे.

नव्या व्याख्येनुसार, भत्ते आणि अन्य वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाल्या, तर वरची रक्कम वेतनातच धरली जाते. वाक्य कायद्याचे असले तरी परिणाम तिजोरीवर होतो. समजा, एखाद्या कारखान्यात शंभर कामगार आहेत. प्रत्येकाचा मासिक मोबदला २६ हजार रुपये, त्यात मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १० हजार ४०० रुपये. दहा वर्षांच्या सेवेवर, वर्षाला पंधरा दिवसांच्या वेतनाच्या सूत्राने, ग्रॅच्युइटी ६० हजार रुपये होते. वेतन १३ हजार रुपये धरले, की तीच ७५ हजारांवर जाते. शंभर कामगारांमागे दायित्व १५ लाखांनी वाढले. पगारपत्रकावर मात्र कोणाचा पगार एक रुपयानेही वाढलेला नाही. डिसेंबर २०२५ अखेरच्या तिमाहीत टीसीएस आणि इन्फोसिस या कंपन्यांना याच कारणास्तव प्रत्येकी एक हजार कोटी रुपयांहून अधिकचा एकरकमी भार हिशेबात दाखवावा लागला.

जिल्ह्यात जबाबदारी अधिक

मोठ्या कंपन्यांत असे दायित्व मोजायला विमागणिती आणि लेखापालांची फौज असते. बुलडाण्यासारख्या जिल्ह्यात चित्र वेगळे आहे. खामगावातील हिंदुस्तान युनिलिव्हरचा साबण कारखाना किंवा १९८६ मध्ये स्थापन झालेली बुलडाणा अर्बन पतसंस्था यांसारखे मोठे नियोक्ते मोजकेच. बाकी जिनिंग-प्रेसिंग, डाळ मिल, रुग्णालये, शाळा आणि छोट्या पतसंस्था. अशा ठिकाणी भरती, हजेरी, भविष्यनिर्वाह निधीचा भरणा आणि मालकाशी बोलणी ही सारी कामे बहुधा एकाच व्यक्तीच्या टेबलावर येतात. तिला नियोक्त्याचा बारा टक्के वाटा ठाऊक असतो. वर्षाअखेरीस एका कामगारामागे संस्थेचा एकूण किती खर्च झाला, हे मात्र सांगता येत नाही.

बोनसचेही तसेच. किमान ८.३३ टक्के आणि कमाल २० टक्के हे आकडे पाठ असतात. पण या दोहोंमधला नेमका दर वाटपयोग्य शिल्लकीवरून ठरतो आणि ती नफा-तोटा पत्रकातून काढावी लागते. दिवाळीच्या तोंडावर कामगार प्रतिनिधी समोर बसले असताना हे पत्रक वाचता न येणारा अधिकारी केवळ निरोप्या उरतो. मालकाचे म्हणणे कामगारांना आणि कामगारांचे मालकाला सांगण्यापलीकडे त्याच्या हाती काही राहत नाही.

मनुष्यबळ म्हणजे माणसे; त्यांच्याकडे खर्चाची बाब म्हणून पाहायला शिकवू नये, असा आक्षेप घेतला जातो. तो मनापासूनचा असला, तरी त्याचा फायदा नेमका उलट्या बाजूला होतो. मंदी आली, की पहिली कात्री प्रशिक्षणाच्या तरतुदीला लागते; कारण अनुभवी माणूस सोडून गेला तर नवी भरती, शिकवणी आणि घटलेले उत्पादन यांवर किती खर्च होतो, हे संचालकांपुढे कोणी मांडलेलेच नसते. माणसांची बाजू आकड्यांत मांडता न आल्याने ती बैठकीत हरते. विद्यार्थ्यांना लेखापाल करण्याची गरज नाही. ताळेबंद वाचून योग्य प्रश्न विचारण्याइतके शिक्षण मात्र अनिवार्य आहे.

पाठ्यपुस्तक गावातच

त्यासाठी नवा अभ्यासक्रम मंजूर होण्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. जिल्हा संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो आणि शेगावच्या श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या संस्थेत एमबीएचे शिक्षण मिळते. दुसरीकडे सहकाराची मुळे इथे खोल आहेत. पतसंस्थांचे वार्षिक अहवाल दरवर्षी सर्वसाधारण सभेपूर्वी सभासदांच्या हाती पडतात. अनेक विद्यार्थ्यांच्या घरी ते येतही असतील. कर्मचाऱ्यांवरील खर्च, प्रतिकर्मचारी व्यवसाय, व्यवस्थापन खर्चाचे खेळत्या भांडवलाशी प्रमाण हे सारे त्यातून काढता येते. तीन वर्षांचे अहवाल समोर ठेवून 'आणखी दहा लिपिक नेमावेत का?' एवढा एक प्रश्न वर्गात सोडवला, तरी मनुष्यबळ आणि वित्त हे दोन विषय निराळे नाहीत, हे पुस्तकाविना उमगेल.

प्रकल्प अहवालांची दिशाही बदलायला हवी. 'कर्मचाऱ्यांचे समाधान' या विषयावर प्रश्नावली भरून घेण्याची परंपरा सर्वत्र आहे. त्याऐवजी एखाद्या जिनिंग मिलच्या पगारपत्रकावर नव्या संहितेचा परिणाम मोजून दिला, तर विद्यार्थ्याला कौशल्य मिळेल आणि मिलमालकाला उत्तर.

शेवटी हा प्रश्न पदवीधरांच्या नोकरीपुरता नाही. ग्रॅच्युइटीची तरतूद वेळेत झाली नाही, तर निवृत्तीच्या दिवशी रिकाम्या हाताने परतावे लागते ते कामगाराला. चुकलेल्या हिशेबाची किंमत हिशेब न शिकलेला अधिकारी चुकवत नाही, हे महाविद्यालयांनी ध्यानात घेतलेले बरे.