लांब शेपटीच्या नावेचे अर्थकारण

आर्थिक विकासाची चर्चा सुरू झाली की धरणे, पोलादाचे कारखाने आणि वीजकेंद्रे डोळ्यांपुढे उभी राहतात. ज्या यंत्राचा आराखडा कोणत्याही कचेरीत तयार झाला नाही, ज्याच्यासाठी कोणत्याही योजनेत तरतूद झाली नाही आणि ज्याचा जनकही निश्चितपणे सांगता येत नाही, अशा यंत्राला नियोजनाच्या ग्रंथांत सहसा स्थान मिळत नाही. आग्नेय आशियातील नद्यांवर आणि कालव्यांवर साठ वर्षांहून अधिक काळ धावत असलेली घरगुती बनावटीची 'लांब शेपटीची' मोटर हे या उपेक्षेचे ठळक उदाहरण होय. थायलंडात ही मोटर बसविलेल्या होडीला 'रुआ हांग याओ', म्हणजे लांब शेपटीची नाव, असे म्हणतात. व्हिएतनाममधील मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात तिचे नाव कोळंबीच्या शेपटीचे यंत्र असे आहे. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, ब्राझीलच्या अॅमेझॉन खोऱ्यात, ती 'राबेता', म्हणजे छोटी शेपटी, या नावाने ओळखली जाते. शेजारच्या पेरू देशात मात्र लोकांनी आकार सोडून आवाज धरला आणि तिला 'पेके-पेके' म्हटले. ज्या महाराष्ट्राने विहिरीवरच्या ऑइल इंजिनाची पुकपुक पिढ्यान्पिढ्या ऐकली आहे, त्याला हे नाव समजावून सांगण्याची गरज नाही.

या यंत्राची रचना इतकी साधी आहे की ती पाहून अभियंत्याला प्रथम हसू यावे. पंप किंवा जनित्र चालविण्यासाठी बाजारात मिळणारे, हवेवर थंड होणारे पाच-सहा अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन घ्यावयाचे. त्याला दोन-अडीच मीटर लांबीचा पोलादी दांडा थेट जोडावयाचा, हा दांडा एका नळीत बसवावयाचा आणि नळीच्या टोकाबाहेर लहानसा पंखा लावावयाचा. हा सारा सांगाडा नावेच्या पिछाडीला एका खुंटीवर असा तोलून धरावयाचा की तो डावीउजवीकडे वळेल आणि तराजूच्या दांडीप्रमाणे वरखालीही होईल. एका बाजूस इंजिनाचे वजन, दुसऱ्या बाजूस लांब शेपटीचे. तोल नीट साधला की दहा-बारा वर्षांचा मुलगाही ते एका हाताने फिरवू शकतो. यात दातेचक्रांची पेटी नाही, निराळे सुकाणू नाही आणि नाव मागे नेण्याची सोयही नाही. थांबावयाचे झाले तर शेपटी पाण्याबाहेर उचलावयाची, एवढेच.

परंतु साधेपणा म्हणजे अडाणीपणा नव्हे. कारखान्यात तयार होणारी आउटबोर्ड मोटर खोल आणि स्वच्छ पाणी गृहीत धरते. तिचा पंखा नावेच्या तळाखाली सरळ उभा उतरतो आणि इंजिन थंड ठेवण्यासाठी ती बाहेरचेच पाणी शोषून घेते. गुडघाभर पाणी, त्याखाली गाळ, वर पाणवनस्पतींचे जाळे आणि मध्येच बुडालेली झाडाची मुळे, अशा ठिकाणी ती शेवाळाने गुदमरते, चिखलाने तापते किंवा मुळावर आपटून मोडते. लांब शेपटीचा पंखा पृष्ठभागालगत, जवळजवळ आडवा फिरतो. अडथळा आला की तो त्याच्यावरून घसरत पुढे जातो आणि इंजिन पाण्यापासून दूर, कोरडे राहते. खुल्या पाण्यात याच यंत्राचा वेग आणि कार्यक्षमता कमी पडते, त्याचा आवाज कर्णकटू असतो आणि उसळत्या समुद्रात तर ते निरुपयोगीच ठरते. म्हणजे हे आउटबोर्ड मोटरचे स्वस्त अनुकरण नसून निराळ्या पाण्यासाठी शोधलेले निराळे उत्तर आहे. अमेरिकेतील लुईझियानाच्या दलदलीतही १९७०च्या दशकापासून याच तत्त्वावरील मोटरी कारखान्यात तयार होऊन विकल्या जाऊ लागल्या, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने खरी मौज या यंत्राच्या घडणीत आहे. त्यातील केवळ इंजिन हीच एक वस्तू रोख पैसे मोजून मोठ्या बाजारातून आणावी लागते. सांगाडा लोखंडी अँगलचा, नळी पाण्याच्या पाइपची, पंखा ओतीव किंवा पत्रा कापून वाकविलेला. दांड्याला आधार देणारे बुश पितळेचे, आणि तेही न परवडल्यास कठीण लाकडाचे. वेल्डिंगचे यंत्र आणि एक लेथ असलेल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी हे काम होऊ शकते. कौशल्य लागते ते दोनतीन ठिकाणी. इंजिनाचा आणि दांड्याचा मध्य अचूक जुळला पाहिजे, नाही तर कपलिंग थोड्याच दिवसांत तुटते. दांडा जितका लांब तितके मधले आधार अधिक हवेत, एरवी तो चाबकासारखा थरथरू लागतो. शिवाय पंखा पाणी मागे ढकलतो तेव्हा दांडा तितक्याच जोराने पुढे रेटला जातो. हा रेटा इंजिनाच्या पोटात जाऊ द्यावयाचा नसेल तर मध्ये एक स्वतंत्र बेअरिंग बसवावे लागते. पंप चालविण्यासाठी बनविलेले इंजिन असा रेटा सोसण्यासाठी घडविलेले नसते, ही गोष्ट नवशिक्या कारागिराला बहुधा पहिले इंजिन खराब झाल्यावरच कळते.

इंजिन हे चार बोल्टनी बसविलेले आणि म्हणून चार बोल्ट काढले की मोकळे होणारे भांडवल आहे, याचे महत्त्व विशेष ध्यानात घेतले पाहिजे. आउटबोर्ड मोटर ही फक्त नाव चालवू शकते. नाव किनाऱ्याला लागली की तिच्यात गुंतलेला पैसाही निजतो. उलट शेपटी काढून ठेवलेले इंजिन पंपाला, मळणीयंत्राला किंवा जनित्राला जोडता येते. ज्याच्यापाशी भांडवल थोडे आहे, त्याच्या दृष्टीने यंत्राच्या कार्यक्षमतेपेक्षा ते वर्षातून किती दिवस राबते हा प्रश्न मोठा असतो. आपल्याकडेही एकाच ऑइल इंजिनाने विहिरीवरचा पंप, पिठाची गिरणी आणि उसाचा चरक ओढला, तो याच हिशेबाने.

मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात या हिशेबाने एक अनपेक्षित वळण घेतले. अमेरिकन मदतीच्या काळात तेथे कोलर कंपनीची लहान इंजिने मोठ्या संख्येने आली आणि नावांना लागली. १९६२च्या सुमारास मी थो परिसरात या नावेच्या शेपटीभोवती पत्र्याची नळी बसविण्याची कल्पना निघाली. पंखा तोच, दांडा तोच. फरक इतकाच की पंख्याने ढकललेले पाणी आता नळीतून वर चढून शेतात पडू लागले. नावेचा पंप झाला. युद्धाची धामधूम चालू असताना, कोणत्याही विस्तार अधिकाऱ्याच्या प्रचाराशिवाय, तो गावोगाव पसरला. रॉबर्ट सॅन्सम या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६९ साली 'ऑक्सफर्ड इकॉनॉमिक पेपर्स' या नियतकालिकात या पंपावर स्वतंत्र लेखच लिहिला. शेतकरी परंपरेला चिकटून बसतो आणि नव्याला बिचकतो, असे ज्या काळात विद्यापीठांतून आग्रहाने शिकविले जात होते, त्याच काळातील ही घटना आहे.

बांगलादेशात नेमका उलटा प्रवास झाला. तेथे १९८०च्या दशकात उथळ कूपनलिकांसाठी आणलेली लहान डिझेल इंजिने शेतकऱ्यांनी पावसाळ्यात उचलून नावांत बसविली. कोरड्या ऋतूत पंप हवा आणि नाव रिकामी. पावसाळ्यात नाव हवी आणि पंप रिकामा. निसर्गानेच घालून दिलेल्या या पाळीचा फायदा घ्यावयास कोणाची शिफारस लागली नाही. शतकानुशतके शीड, वल्ही आणि दोर यांवर चालणारा देशी नौकांचा ताफा त्यानंतर पाहता पाहता यांत्रिक झाला. सिंचनासाठी झालेल्या आयातीतून वाहतुकीची क्रांती घडली.

या इतिहासावरून लोकांच्या कल्पकतेचे गोडवे गाणे सोपे आहे आणि अलीकडे तशी फॅशनही आहे. 'जुगाड' या शब्दाला व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गात आलेली प्रतिष्ठा पाहिली की असे वाटते, की गरिबाने काटकसरीने केलेल्या कोणत्याही गोष्टीला दोष देणे आता शिष्टसंमत राहिलेले नाही. परंतु काटकसरीचेही परीक्षण झाले पाहिजे. घरगुती यंत्र बनविणारा जे जे स्वतःच्या खिशातून जाते त्या त्या ठिकाणी विलक्षण चातुर्याने बचत करतो. ज्या गोष्टीची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते, तिच्याकडे त्याचे लक्ष जाण्याचे कारण उरत नाही. म्हणूनच लांब शेपटीच्या मोटरीत तोल अचूक साधलेला आढळतो आणि फिरत्या भागांवरचे झाकण बहुधा आढळत नाही. नळीबाहेर राहिलेले दांड्याचे टोक, इंजिनाजवळचे उघडे कपलिंग आणि पाण्याबाहेर उचलल्यावरही फिरत राहणारा पंखा यांना मालक सरावलेला असतो. शेजारी बसलेला उतारू तसा सरावलेला नसतो.

याचे भयानक स्वरूप अॅमेझॉन खोऱ्यात दिसून आले. तेथील पुष्कळ नावांत इंजिन शेपटीसारखे बाहेर न लटकता नावेच्या मधोमध असते आणि उघडा दांडा तळावरून पिछाडीपर्यंत जातो. विचारसरणी मात्र तीच: तयार इंजिन, थेट दांडा, मध्ये काही नाही. अशा नावेत साचलेले पाणी उपसण्यासाठी वाकलेल्या, अथवा नुसत्या बसलेल्या, स्त्रियांचे आणि मुलींचे लांब केस त्या दांड्यात गुंततात आणि क्षणार्धात डोक्याची त्वचा केसांसह सोलून निघते. या अपघाताला तेथील भाषेत स्वतंत्र शब्द आहे, यावरूनच तो किती परिचयाचा असावा याची कल्पना यावी. जगलेल्या मुलींच्या वाट्याला शस्त्रक्रियांची मालिका येते, शाळा सुटते आणि पुष्कळदा घराबाहेर पडणेही थांबते. दांड्यावर घालावयाचे झाकण लाकडी फळ्यांचेही करता येते. इंजिनाच्या किमतीपुढे त्याचा खर्च क्षुल्लक आहे. तरीही ते पिढ्यान्पिढ्या घातले गेले नाही, कारण ज्याने ते घालावयाचे त्याचे केस बहुधा आखूड होते.

ब्राझीलने २००९ साली कायदा करून नावेचे इंजिन, दांडा आणि इतर फिरते भाग झाकणे सक्तीचे केले. तेथील नौदलाने अशी झाकणे विनामूल्य बसवून देण्याचे कामही हाती घेतले. कायद्यापेक्षा हे दुसरे पाऊल अधिक शहाणपणाचे म्हटले पाहिजे. हजारो उपनद्यांवर, नोंदणी नसलेल्या नावांमागे निरीक्षक कोठवर धावणार? दंडाची भीती घातली तर नावाडी झाकण बसविण्याऐवजी निरीक्षकाला पाहताच नाव झाडीत घालील.

आपल्या देशाला हा अनुभव अपरिचित नाही. हरितक्रांतीनंतर उत्तर भारतात मळणीयंत्रे झपाट्याने वाढली आणि त्यांत हात गमावलेल्या शेतमजुरांची संख्याही वाढली, तेव्हा संसदेने १९८३ साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला. धान्य आत सारण्याची वाट सुरक्षित असावी, उत्पादकावर नियंत्रण असावे आणि जखमी मजुराला भरपाई मिळावी, हा त्यामागचा हेतू निर्विवादपणे चांगला होता. अडचण अशी की 'उत्पादक' या शब्दासरशी कायद्याला पाटी लावलेला कारखाना दिसतो. गावच्या वेल्डरने वर्षाकाठी चारदोन यंत्रे जोडली तर तो उत्पादक, की दुरुस्ती करणारा, की शेतकऱ्याचा मदतनीस? लांब शेपटीच्या मोटरीबाबत तर पुष्कळदा वेल्डर, मालक आणि नावाडी ही एकच व्यक्ती असते.

यास्तव नियमनाची जागा अन्यत्र शोधावी लागेल. हे यंत्र बाजाराच्या दारातून एकदाच जाते, इंजिन विकत घेताना. बाकी सारे घरचे किंवा गावचे असले तरी इंजिन कारखान्यातून किंवा बंदरातून येते, त्याची पावती होते, त्यावर कर बसतो. कपलिंगवर बसणारी पत्र्याची टोपी, दांड्यासाठी जाळी किंवा अर्धगोल झाकण आणि हात सुटताच इंजिन बंद करणारी दोरीची कळ एवढ्या तीन वस्तू इंजिनाबरोबरच, त्याच्या किमतीत, देणे विक्रेत्यावर बंधनकारक करता येईल. आउटबोर्ड मोटरींबरोबर अशी दोरी पूर्वीपासून मिळते, म्हणजे ही मागणी नवलाची नाही. यामुळे इंजिन महागेल, असा आक्षेप येईल. तो खरा आहे. मात्र ती वाढ इंजिन घेणाऱ्याच्या खिशातून जाईल आणि आज तीच रक्कम, कित्येक पटींनी फुगून, नावेत बसणाऱ्या मुलीकडून वसूल केली जाते. दिलेले झाकण मालक बसवील याची हमी काय, हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्याला उत्तर यंत्राच्या इतिहासातच आहे. या माणसांनी हाताशी आलेला लोखंडाचा तुकडाही कधी वाया घालविलेला नाही. फुकट मिळालेली टोपी ते बसवतील, तिला भोक पाडून त्यात ग्रीसची पिचकारीही घालतील आणि पुढच्या हंगामात तिच्यात काही सुधारणा केल्याचे कानावर आले तर आश्चर्य वाटावयास नको.